जास्तीचं पीक

यंदाही राब भाजायला सुरुवात झाली आणि मला राग आला.

धुराचा राग नाही. धूर माझ्या लहानपणापासूनचा आहे. कर्जतला आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून नदीपलीकडची शेतं दिसतात. मार्च कलला की लोक तिथे शेण, पालापाचोळा, वाळके टहाळे अंथरून जमीन भाजतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच तुकड्यात भाताची रोपं काढायची असतात. संध्याकाळी धूर उठतो, वर जायचा कंटाळा आल्यासारखा आडवा पसरतो, आणि खिडकीतून आत येऊन टेबलावरच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांना चिकटतो. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. या दिवसांत माझ्या घरात वह्या, धूर आणि राग एकदमच वस्तीला येतात. नवऱ्याला आता सवय झाली आहे. तो खिडकी लावून घेतो आणि चहा टाकतो. चहा चांगला असतो. राग काही जात नाही.

कारण त्या वासाबरोबर दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक मार्च आत शिरतो. तेव्हा मी आणि मनीषा एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला होतो. मनीषा खालापूर तालुक्यातली, मोहोपाड्याच्या बाजूच्या एका गावची. वडील भातशेती करायचे, भाऊ जवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. उंच, काळीसावळी, आवाज मोठा. वर्गात शंका विचारताना ती हात वर करायची नाही, सरळ उभीच राहायची. “सर, पन असं कसं हुईल?” मागच्या बाकांवर हसू फुटायचं. ती वळून त्या बाकांकडे बघायची, हसू थांबेपर्यंत बघत राहायची, आणि मग सरांकडे वळून म्हणायची, “हां. सांगा आता.”

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. घन अवस्थेचं भौतिकशास्त्र तेच शिकवायचे. आणि माझ्या रागातली सगळ्यात अवघड गाठ इथे आहे, की ते उत्तम शिकवायचे. वाईट शिक्षकाचा राग येतो आणि निघून जातो. चांगल्या शिक्षकाचा येतो तो राहतो.

विवर्तन शिकवताना त्यांनी आधी फळ्यावर काही लिहिलंच नव्हतं. विचारलं होतं, एसटीतून जाताना आंब्याच्या कलमांची बाग बघितली आहे का? नुसती झाडांची गर्दी दिसते. एसटी पुढे सरकते, आणि एका क्षणी सगळी झाडं एका ओळीत येतात, मधे लांबच लांब गल्ली उघडते. पुन्हा गर्दी. पुन्हा दुसऱ्या कोनातून दुसरी गल्ली. स्फटिकातले अणू असे शिस्तीत लावलेले असतात, सर म्हणाले. त्यांच्या थरांवर क्ष-किरण सोडले की प्रत्येक थरावरून थोडे थोडे परत येतात. बहुतेक कोनांत ते एकमेकांना मारून टाकतात. पण काही ठरावीक कोनांत सगळ्यांची पावलं जुळतात, आणि तिथे, फक्त तिथेच, आलेख एकदम वर उसळतो. प्रत्येक पदार्थाचे कोन त्याचे स्वतःचे. मिठाचे वेगळे, तुरटीचे वेगळे. “पदार्थ खोटं बोलत नाही,” सर म्हणाले होते. “त्याला बोलता येत नाही म्हणून नव्हे. त्याचे अणू जिथे आहेत तिथेच असतात, म्हणून.”

हे वाक्य मी आजही वर्गात वापरते. कोणाचं आहे ते सांगत नाही.

आलेखावरच्या त्या उसळीला आम्ही सगळे इंग्रजी शब्दाने पीक म्हणायचो. मनीषाच्या वडिलांना, आबांना, याचं फार हसू यायचं. ती फोनवर सांगायची, आज चांगलं पीक आलं. पलीकडून आबांचा आवाज मलाही ऐकू यायचा, “मार्चात कसलं पीक काढतेस गं? आमाला तर पावसातबी येत नाय.”

आम्हा दोघींचा प्रकल्प एकत्र होता, भाताच्या तुसाची राख. सरांनीच दिलेला विषय. तूस जाळायचं, राख खलात कुटायची, क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवायची. तुसाच्या राखेत सिलिका असते, पण तूस मंद आचेवर जाळलं तर तिच्या अणूंना रांगा नसतात. आलेखावर उसळी येत नाही, नुसता एक पसरट उंचवटा येतो, गोधडीखाली कोणीतरी झोपल्यासारखा. आठवडेच्या आठवडे आम्ही तो उंचवटा बघत होतो. मनीषा वैतागली होती. “ही राख बोलतच नाय गं,” म्हणायची.

मग एका रविवारी मी तिच्या गावी गेले. ऊन रणरणतं होतं, पळस फुलून गेला होता, आणि आबा आम्हाला ओढ्याकडेच्या तुकड्याकडे घेऊन गेले. ओढा आटत आला होता. बांधावर, आणि बांधाच्या आत दोन-तीन हात, जमिनीवर पांढरी साय धरली होती. पीठ सांडावं तशी. पायाखाली कुरकुरत होती.

“खार फुटलाय,” आबा म्हणाले. “आधी नव्हता. आता दर साली वाढतोय. गेल्या पावसात हितली रोपं पिवळी पडून बसली. म्हशीनं चाटला तर तिला ढाळ लागलं.”

“कोणाला दाखवलंत?”

“दाखवला की. सायेब आलं व्हतं. म्हणं खाडीचं पानी झिरपतंय.” त्यांनी खाली, समुद्राच्या दिशेला हात केला. “खाडी कुटं, आमी कुटं. भरतीचं पानी हितवर आलेलं माज्या बापानंबी नाय बगितलं, बाय.”

मनीषाने ओढणीच्या टोकात तो खार भरून घेतला.

दोन दिवसांनी यंत्र आमच्या वाट्याला आलं. तिने खार ओव्हनमध्ये सुकवला, कुटला, काचेच्या खाचेत दाबून बसवला. यंत्राच्या खोलीत एसी होता. पूर्ण कॉलेजात तेवढीच खोली थंड. आम्ही कुडकुडत पडद्याकडे बघत बसलो. रेघ सपाट चालली होती. सपाट, सपाट, आणि एकोणीस अंशांपाशी ती ताडकन वर गेली आणि खाली आली. मनीषाने टाळी वाजवली, लहान मुलगी वाजवते तशी. इतके दिवस मुक्या राखेसमोर बसलेल्या आम्हाला पहिल्यांदा कोणीतरी उत्तर दिलं होतं. पुढे बत्तीसच्या जवळ सगळ्यात उंच उसळी, मग चौतीसच्या अलीकडे आणखी एक. आम्ही संदर्भाचे कोन काढून जुळवायला बसलो. साधं मीठ थोडंसं होतं. पण बाकी सगळं सोडियम सल्फेट होतं.

तिचं हसू गेलं. ती पडद्याकडे बघत म्हणाली, “हे आमच्या रानात हाय?”

आम्ही दोघींनी ते पाठ केलेलं होतं, परीक्षेसाठी. मिठात सोडियम आणि क्लोरीन विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीने धरून असतात. पाणी ती ओढ सोडवतं, म्हणून मीठ विरघळतं. सल्फेटमध्येही सोडियम असाच सुटतो. पण गंधक आणि त्याच्याभोवतीचे चार ऑक्सिजन एकमेकांशी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बांधलेले असतात, आणि तो बंध पाण्याला तुटत नाही. ते टोळकं अख्खंच्या अख्खं पाण्यातून वाहत येतं, मातीतून झिरपतं, उन्हाने पाणी उडालं की पुन्हा सोडियमला धरून रांगेत उभं राहतं. गंधकाचं आम्ल आणि कॉस्टिक सोडा एकमेकांत ओतले की हे मीठ होतं, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कारखाने होते. समुद्राच्या पाण्यातही सल्फेट असतं, पण समुद्राच्या खारात आधी साधं मीठ भरभरून दिसलं पाहिजे. इथे उलटं होतं. म्हैस का आजारी पडली तेही मला तेव्हाच कळलं. या मिठाचा जुलाबासाठी वापर होत असे. पुस्तकात ते एका ओळीत होतं. त्या ओळीला शेपटी आहे, डोळे आहेत, ती गोठ्यात मान टाकून बसते, हे पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आलेख घेऊन आम्ही सरांकडे गेलो. मनीषा एवढी खुशीत होती की दार वाजवायचं विसरली. शोध लागला होता ना.

सरांनी आलेख बघितला. नमुना कुठला ते विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“हे मीठ आहे. साधं. खाडीकाठचा भाग.”

“नाय सर, मिठाची मोठी उसळी एकतीस दशांश सात. ही बत्तीसच्या पुढं हाय.”

“नमुना खाचेत थोडा वरखाली बसला की कोन सरकतो. शिकवलंय तुम्हाला.”

“सरकला तर सगळेच सरकतील, सर. एकटा कसा सरकंल? आणि ही एकोणीसवरची? मिठाला एकोणीसवर काहीच नसतं. सरकून नवीन पीक उगवतंय व्हय?”

मला वाटलं, आता सर हसतील. वर्गात ती अशी अडवायची तेव्हा ते मनापासून हसायचे. पण ते म्हणाले, “तुमचा विषय तुसाची राख आहे. हा नमुना प्रबंधात घालायचं कारण नाही. आणि घालायचाच असेल तर ती जास्तीची रेघ काढून टाक. मशीनचा दोष असतो कधीकधी.”

“आणि कारखान्यावालं—”

“मी कारखान्याचं नाव घेतलं का?” त्यांचा आवाज चढला. “तू तरी घेऊ नकोस. तुझ्याकडे काय पुरावा आहे, हे कोणाचं आहे म्हणून?”

“कुनाचं हाय ते ही रेघ सांगत नाय, सर. खाडीचं नाय, एवढंच सांगते. मी पन तेवढंच लिवनार.”

“आधी ‘नाही’ म्हणायला शिक,” सर म्हणाले. “मग संशोधन कर.”

बाहेर आलो. यंत्राच्या खोलीचा एसी ज्यांनी दिला होता त्यांची पितळी पाटी दारावर होती, रोज बघून बघून दिसेनाशी झालेली. त्या दिवशी ती मला दिसली. कारखान्यांच्या संघटनेची होती. सरांना कोणी धमकी दिली नव्हती, कोणी पाकीट दिलं नव्हतं, हे मी आज खात्रीने सांगू शकते. त्याची गरजच पडली नव्हती. थंड हवेच्या खोलीत बसून बसून माणूस आपणहून समजूतदार होतो. मला राग त्या समजूतदारपणाचा आहे. लाच घेतली असती तर निदान त्यांना मनात लाज वाटली असती.

मनीषाने रेघ काढली नाही. प्रबंधात शेवटी दोन पानं जोडली, आलेख लावला, खाली लिहिलं की हा क्षार समुद्राच्या पाण्याचा वाटत नाही, पुढे तपास व्हावा. दोघींनी सह्या केल्या. सरांनी सही करताना ती पानं उलटलीसुद्धा नाहीत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी राखेवर चार प्रश्न विचारले, शेवटच्या पानांशी पोचले, सरांकडे बघितलं, सरांनी मान किंचित हलवली, आणि परीक्षक म्हणाले, “छान. गाव कुठलं तुमचं? लग्न वगैरे ठरलंय का?”

आम्ही पास झालो. प्रथम वर्ग थोडक्यात गेला. मला त्याने फारसं काही झालं नाही. मला शिक्षिका व्हायचं होतं, मी बी.एड. करून झाले. मनीषाला पीएच.डी. करायची होती. त्यासाठी सरांची शिफारस लागत होती. ती तीनदा मागायला गेली. सर तिन्ही वेळा मीटिंगमध्ये होते.

पण तिला मोडलं ते सरांनी नाही, घराने. प्रबंध झाल्यावर ती आबांना म्हणाली होती की आपण हे पंचायतीत मांडू. मी तिथेच बसले होते, ओटीवर, समोर करवंदांची टोपली. आबांनी बराच वेळ एकही करवंद उचललं नाही. मग म्हणाले, “दादाची नोकरी हाय तिथं. गावातली निम्मी पोरं तिथं हायत. तू गप ऱ्हा.”

“आबा, ते कुनाच्या कारखान्याचं हाय ते मी म्हणतच नाय.”

“तू नाय म्हणलीस तरी लोक म्हणतील. गप ऱ्हा, मनी.”

ती गप्प राहिली. ही मुलगी, जिने आयुष्यात कोणाचं हसू सहन केलं नाही, ती त्या उन्हाळ्यात जी गप्प झाली ती झालीच. लग्न होऊन खोपोलीला गेली. आता आठवी ते दहावीचे क्लास घेते. मुलं म्हणतात, ताई फार मस्त शिकवतात. शिकवणारच. मला ऐकून बरं वाटत नाही. एखाद्याच्या हातून मोठं काम हिसकावून घ्यायचं आणि तो लहान काम किती छान करतो म्हणून कौतुक करायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि मला तिची शिसारी येते.

या फेब्रुवारीत सर निवृत्त झाले. सत्काराचं बोलावणं आलं. माजी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. मी बोलणार नाही म्हणून कळवलं, पण गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. सर थकलेले दिसत होते, शाल खांद्यावरून सारखी घसरत होती. भाषणात कोणीतरी त्यांचं ते वाक्य सांगितलं, पदार्थ खोटं बोलत नाही, आणि टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले.

नंतर गर्दी कमी झाल्यावर पाया पडायला म्हणून पुढे झाले आणि पडले नाही. म्हटलं, “सर, मनीषा आठवते? आमच्या प्रकल्पात शेवटी एक आलेख होता. शेतातला खार.”

ते आठवू लागले. खरोखरच आठवू लागले, नाटक नव्हतं. “तुसाची राख ना तुमची? हां... ते मीठ होतं. खाडीचं.”

“सोडियम सल्फेट होतं, सर.”

“असेल,” ते म्हणाले, प्रेमाने. आणि पुढच्या माणसाचा नारळ घ्यायला वळले.

असेल! एवढी वर्षं मी मनात त्यांच्याशी भांडत होते. मी धरून चालले होते की त्यांनाही ती रेघ कधीतरी रात्री टोचत असेल. ती त्यांच्या डोक्यातून केव्हाच पुसली गेली होती. मी तिथून रिक्षा केली ती थेट मनीषाच्या माहेरी. ती तिकडेच होती; भावाचं काम सुटल्यापासून आठवड्यातून एकदा येऊन जाते. कंत्राटदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली, गावातली बरीच पोरं एका झटक्यात घरी बसली.

मी तिला सगळं सांगितलं. ओरडूनच सांगितलं बहुतेक, कारण आबा आतून बाहेर आले. म्हातारे झालेत. त्यांनी विचारलं, “कसलं पीक? काय असंल?”

“आबा, तुमच्या बांधावरचा खार. मी मशिनीत घातला व्हता,” मनीषा म्हणाली.

“मंग काय निघालं त्यात?”

ओढ्याकडेचा तो तुकडा आबांनी केव्हाच सोडून दिला होता. आता शेजारचाही पांढरा पडत होता. आणि त्यात काय आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. गप्प बस म्हणताना त्यांनी ते ऐकूनच घेतलं नव्हतं.

“खाडीचं नाय ते,” मनीषा म्हणाली. “तुमी तवा बोलला व्हता ते खरं व्हतं. वरनं, ओढ्यातनं येतंय.”

“मंग तू बोलली का नाय?”

“बोलले व्हते!” तिचा आवाज फुटला. इतक्या वर्षांनी मी तो मोठा आवाज ऐकला. “तुमी म्हणालात गप ऱ्हा! दादाची नोकरी हाय! ऱ्हायली का नोकरी? ऱ्हायलं का रान? सरांनी तोंड दाबलं ते परकं व्हतं, तुमी का दाबलंत?”

आबा ओटीच्या कडेला बसले. मला वाटलं रागावतील, निदान रडतील. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. म्हणाले, “पान्याच्या स्कीमसाटी सभा हाय पुडल्या म्हैन्यात. तितं बोल. मी बसतो म्होरं. कोन उटवतंय तुला ते बगतो.”

ती सभा गेल्या आठवड्यात झाली, शाळेच्या पडवीत. मी मागे उभी होते. माती आणि पाणी सरकारी प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावं, असा ठराव शेवटी झाला. दोघा-तिघांनी विरोध केला, एकजण तावातावाने निघून गेला. तपासायला अजून कोणी आलेलं नाही. येतील की नाही माहीत नाही, म्हणून माझा राग मी अजून खाली ठेवलेला नाही. कोणी मला म्हणतं, आता झालं ना, सोड. सोडू कशाला? ज्यांनी सोडलं, त्यांचे सत्कार होताना मी पाहिले आहेत.

पण त्या पडवीतलं एक मला लिहून ठेवायचं आहे. मनीषा उभी राहिली तेव्हा कुजबुज झाली. आबा पहिल्या रांगेत, काठी आडवी धरून. ती बोलायला लागणार एवढ्यात एका बाईने विचारलं, “पन तुला कसं कळलं गं, काय हाय त्यात? पांडरं तर सगळंच दिसतंय.”

मला वाटलं ती यंत्राचं नाव सांगेल, डिग्री सांगेल आणि पुढे जाईल. तिने पदर खोचला.

“सांगते काकी,” ती म्हणाली. “येळ लागंल. ज्यास्नी घाई हाय त्यांनी आत्ताच उटा.”

कोणी उठलं नाही.

“मिठाचा एक खडा घ्या,” मनीषा म्हणाली. “आता त्याच्या आत जाऊया.”